‘फाटका नकाशा लपवून विकला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

‘फाटका नकाशा लपवून विकला, पानांवर डाग, रिप्रिंट काहीशे रुपयांत मिळतं त्याचे हजारो घेतले, वर पुस्तक परतही घेतलं नाही’ असं तुम्ही लिहिलंय. हौसेनं घेतलेल्या पुस्तकापायी मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पण ‘लपवून’ हा शब्द फार लागला. जुन्या पुस्तकांचं दुकान विश्वासावर चालतं. तो शब्द वाचलेलं गिऱ्हाईक आमची पायरी चढणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तक ब्रिटिश लष्करी अधिकारी कॅप्टन फोर्सिथचं, ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’, लंडन, १८७१, पहिली आवृत्ती. बिलावर स्पष्ट लिहिलंय: ‘घडीचा नकाशा, शिवणीजवळ २ सेंमी फाट, चित्रपानांवर तपकिरी ठिपके, कापडी बांधणी मूळची, कणा झिजलेला.’ खाली तुमची सही आहे. त्या फाटीसाठी किमतीतून दोन हजार कमीही केले होते. रिव्ह्यूतल्या तुमच्याच फोटोत ती फाट वीतभर झालेली दिसते आणि तिच्यावर सेलोटेप आहे. दुकानातून नकाशा गेला तेव्हा त्यावर टेप नव्हती.

असा नकाशा एका अरुंद पट्टीवर पुस्तकात शिवलेला असतो. मोकळा कोपरा धरून ओढला की सगळा ताण त्या पट्टीवर आणि आडव्या-उभ्या घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे येतो. नागपूरच्या मे महिन्यात कागद इतका कोरडा असतो की घडीवरच तडकतो. म्हणून पुस्तक टेबलावर सपाट ठेवायचं, उघडलेल्या पुठ्ठ्याखाली तेवढ्याच उंचीचं काही टेकू द्यायचं, एक तळहात पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं एकेक घडी सोडवायची. मिटताना जुन्याच घड्यांवर, उलट क्रमानं. हे पुस्तक बांधून देताना तोंडी सांगितलं होतं.

फाट वाढली तरी दुरुस्ती अवघड नव्हती. जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट, लांब तंतूंच्या कागदाची) पट्टी कात्रीनं न कापता हातानं फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावून ती मागच्या बाजूनं बसवायची, वर टिपकागद आणि वजन. खळ पाण्यानं पुन्हा सुटते, टेप सुटत नाही. तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा पडतो, पुढे वरचं प्लास्टिक गळून जातं आणि डाग कायमचा राहतो. तो काढायला द्रावक वापरावं लागतं आणि त्यात नकाशावरचे रंग हलू शकतात. आमची परतीची अट ‘सात दिवसांत, दिलं त्याच स्थितीत’ अशी आहे. टेप लावलेला नकाशा त्यात कसा बसवणार?

ठिपके हा घाणीचा डाग नव्हे. ओलसर हवेत सूक्ष्म बुरशीमुळे आणि कागदातल्या लोहकणांमुळे ते येतात. पुस्तक कूलरच्या झोताजवळ ठेवू नका, एवढंच सांगेन.

आता किंमत. मजकूर इंटरनेटवर फुकट वाचता येतो, हे आम्ही स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो. पण अशा पुस्तकांच्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा नकाशा मिटलेलाच येतो आणि स्वस्त रिप्रिंटमध्ये रंगीत चित्रपानं काळवंडतात. तुम्हाला तर नकाशाच हवा होता. पचमढीपासून अमरकंटकपर्यंतचं सातपुड्याचं रान, साल आणि सागाचे पट्टे, गोंड, कोरकू, बैगा आदिवासी, हे सगळं फोर्सिथनं नोकरीत फिरताना पाहून लिहिलं. (मतं गोऱ्या साहेबाची आहेत, ती तशीच वाचावीत.) गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याच्या गोंडी गीताचं त्यानं केलेलं इंग्रजी पद्यरूपही यातच आहे. ते गीत त्याच्याआधी नागपूरच्या मिशनरी स्टीफन हिस्लॉपनं टिपून घेतलं होतं आणि हिस्लॉपचे ते कागद इंग्रज प्रशासक रिचर्ड टेम्पलनं १८६६ मध्ये छापले. त्या काळच्या कागदावरची ही पहिली आवृत्ती धड अवस्थेत क्वचितच येते, म्हणून तेवढी किंमत.

यापुढे घडीचे नकाशे गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचे आणि सोबत सूचनांची चिठ्ठी द्यायची, असं ठरवतो आहोत. बाकीही काही सुधारणा करू.

टेप स्वतः ओढू नका, इस्त्री किंवा ड्रायरची ऊबही देऊ नका. पुस्तक घेऊन या. आमचे बाइंडर बघतील, मजुरी घेणार नाही, फक्त डाग पूर्ण जाईल असा शब्द देता येणार नाही. आणि बिल एकदा काढून बघा, मग ‘लपवून’ हा शब्द तेवढा बदलता आला तर बदला. सोमवारी दुकान बंद असतं.