तीन शिट्ट्यांचा स्टेक

मी कोल्हापूरचा. मटणातलं आपल्याला कळतं, हे आमच्याकडे शिकावं लागत नाही. रेशनकार्डावर नाव चढतं तेव्हाच ते कळलेलं असतं. त्यामुळे नोकरीनिमित्त फ्रान्समधल्या तुलूजला आल्यावर एका शनिवारी 'हॉटेलात स्टेकला पंचवीस युरो कशाला घालवायचे, घरीच करू की' असं मी म्हणालो, तेव्हा आवाजात शंकेला जागाच नव्हती. मांस कशाचं, हे मात्र विचारू नका. आईला 'मटणासारखंच असतं' एवढंच सांगितलंय. तुम्हीही तेवढ्यावर भागवा.

खाटकाने तीन सेंटिमीटर जाडीचा, तीनेकशे ग्रॅमचा तुकडा कापला. त्याला इथे आंत्रकोत म्हणतात. मग त्याने विचारलं, कसा खाणार? याची उत्तरं ठरलेली आहेत. 'ब्लो' म्हणजे निळा, तव्याला नुसता दाखवून आणलेला. 'सेन्याँ' म्हणजे रक्ताळलेला. 'आ प्वाँ' म्हणजे बेताचा. आणि 'बियँ क्वी' म्हणजे नीट शिजलेला. हे मागितलं की खाटकाचा चेहरा पुरणपोळीवर केचप मागितल्यासारखा होतो. माझ्या डोक्यात स्टेकवर घालायच्या चीजचा सॉस घोळत होता आणि ते चीजही निळंच, म्हणून मी 'ब्लो, ब्लो' म्हणून मान डोलावली. कच्च्या मांसालाही निळं आणि बुरशीच्या चीजलाही निळं म्हणणाऱ्या या भाषेत माझा काय दोष? पण खाटकाने माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं आणि कृती सांगितली. तासभर आधी फ्रिजबाहेर काढायचा, कागदाने टिपून कोरडा करायचा, कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, मग ताटलीत पाच मिनिटं नुसता पडू द्यायचा.

"झालं?"

"झालं."

नऊ मिनिटं! आमच्याकडे नऊ मिनिटांत कांदासुद्धा लाल होत नाही.

चीज घेतलं रोकफोर. इथून गाडीने दोनेक तासांवर त्याच नावाचं गाव आहे, तिथल्या डोंगरातल्या गुहांमध्ये ते मुरवतात. मेंढीच्या दुधाचं. दुसरीकडचं चीज रोकफोर म्हणून खपवणाऱ्याला दंड करायचा, असा हुकूम तुलूजच्याच न्यायसभेने 1666 साली काढला होता. म्हणजे तिकडे महाराज आग्र्याहून निसटत होते आणि इकडे चीजवरून कोर्टबाजी चालली होती. 1925 मध्ये त्या नावाला कायद्याचं संरक्षणही मिळालं. आपल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळायला 2018 उजाडलं, हे जाता जाता. घरी पुडकं सोडल्यावर बायको म्हणाली, "हे परत करून ये, बुरशी आलीय."

"त्या बुरशीचेच तर पैसे मोजलेत."

ती केस धुवायला निघून गेली. जाता जाता म्हणाली, "काही लागलं तर हाक मार." मला काय लागणार होतं?

पहिली चूक माझ्या हातांनी केली, मी नाही. मांस घरात आलं की ते तीन पाण्यांनी धुवायचं, हे या हातांत भिनलेलं आहे. धुतलं. धुतल्यावर हळद-मीठ लावायचं. तेही लावलं. मग लख्ख पिवळ्याधमक स्टेककडे बघताना खाटकाचा 'कोरडा' हा शब्द आठवला. त्यामागे शास्त्र आहे, ते मला नंतर वाचून कळलं: मांसाला जो तपकिरी खमंगपणा येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे, आणि पाणी आहे तोवर 100च्या वर जाणं अवघड. ओला स्टेक भाजत नाही, उकडतो. मायार नावाच्या एका फ्रेंच माणसाने या खमंगपणामागची रसायनं 1912 मध्येच मांडून ठेवली आहेत. मी टिश्यूचा अर्धा रोल संपवला. टिश्यू पिवळे झाले, स्टेक होता तसाच पिवळा राहिला.

तवा आईने दिलेला, बिडाचा, आंबोळ्यांचा. सामानाच्या वजनात चार जोड कपडे कमी करून आणलेला. त्याला मधे खोलगट पोट आहे आणि इथली शेगडी म्हणजे सपाट काच, तेव्हा तवा त्या काचेवर पोट टेकून लट्टूसारखा गरगर फिरतो. मधे लालबुंद, कडेला गार. त्यात मी लोणी टाकलं. शेजारी तुपाची बरणी होती. तूप एवढ्यात जळत नाही, लोणी जळतं, हे चौथीतल्या पोरालाही कळावं; पण फ्रेंच पदार्थ म्हणजे लोणी, असं मी ठरवून टाकलं होतं. लोणी पिवळं, तपकिरी, काळं झालं. मी स्टेक ठेवला. चर्रर्र आवाज झाला आणि मला समोरची खिडकी दिसेनाशी झाली.

मार्च 2015 पासून फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे. (त्याच महिन्यात महाराष्ट्रात कुठला कायदा लागू झाला ते मी सांगणार नाही. विचारू नका म्हटलंय ना.) आमचा अलार्म स्वयंपाकघराच्या दाराशीच छताला आहे. एवढे दिवस ते पांढरं खोबरं तिथे कशाला चिकटवलंय, याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. आता ते किंचाळलं. थांबलं. पुन्हा किंचाळलं. थांबलं. पुन्हा.

बाथरूममधून बायको ओरडली, "अरे, तीन झाल्या! गॅस बंद कर!"

आणि मी बंद केली! गॅस नाही घरात, शेगडी विजेची, कुकर तर कपाटात. पण तीन झाल्या म्हणजे बंद करायचं, हे मला खाटकापेक्षा फार आधीपासून ठाऊक आहे.

मग खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालणं आलं. मधल्या काळात दुसऱ्या शेगडीवरच्या पातेलीत सॉस होता: क्रीम, कुस्करलेलं चीज आणि वर चमचाभर मीठ. रोकफोर मुळातच खारट असतं हे तेव्हा कुठे कळायला! तरी सॉसमधलं एक मला खरंच येत होतं. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध पडलं की उकळी येऊ द्यायची नाही, ही आजीची शिकवण. क्रीमचंही तेच. पण आजीची शिकवण खुर्चीवर उभं राहून पाळता येत नाही. उतरलो तोवर पातेली रटरटत होती, खाली दाणेदार चोथा आणि वर तुपाचा तवंग.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या मादाम, चपलांवरच, हातात पाण्याने भरलेली बादली. आग नाही हे कळल्यावर त्यांची जरा निराशाच झाली. त्या वाकून ताटलीत बघू लागल्या. मी स्टेक कापला. बाहेरून कोळसा, आतून जांभळा, आणि दोहोंच्या मधे हळदीची एक बारीक, सुबक रेघ.

"ब्लो," मी म्हणालो.

"जोन," मादाम म्हणाल्या. म्हणजे पिवळा.

मग त्यांनी पातेलीत डोकावून 'फाटलाय' अशी हाताने खूण केली. आता मात्र मी अडून बसलो. रश्शावर तवंग नसेल तर आमच्याकडे पाहुणे कुजबुजतात. मी त्यांना समजावलं की हे फाटणं नव्हे, हा कट आहे, आणि तो मुद्दाम आणावा लागतो. बायको डोक्याला पंचा गुंडाळून मागे उभी होती. तिने तोंडातून शब्द काढला नाही. नवऱ्याची बाजू सांभाळणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

मादाम बसल्या. पावाने कट टिपून खाल्ला, दोन ग्लास पाणी प्यायल्या, पुन्हा टिपला. आम्ही स्टेकच्या कडेकडेने खात आत सरकत होतो, जिथपर्यंत धीर होता तिथपर्यंत. एवढ्यात छतावरून एकच बारीकशी शिट्टी आली. बॅटरी संपत आली की तो तशी देतो म्हणे.

बायकोने घास खाली ठेवला.

"चौथी," ती म्हणाली. "आता बघ, शिजला असेल."