पुश-पिन कूलर वाईट नाही, पण मागून बघा

पुश-पिन कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा आणि मदरबोर्डच्या भोकांत चार प्लास्टिक पिना दाबून बसवायचा पंखा, कसा लावायचा यावरच्या एका लेखात म्हटलंय की चार पिना ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबल्या की काम झालं. इथे मला मनापासून हरकत आहे. आवाजावर विश्वास ठेवू नका.

गेल्या एप्रिलमध्ये सातपूरला भाच्याचा कॉम्प्युटर गेम सुरू केला की दहा मिनिटांत बंद पडायचा. दुकानदाराने नाशिकच्या उन्हाळ्यावर ढकललं. मी मदरबोर्ड बाहेर काढून उलटा केला, तर तीन भोकांतून पांढऱ्या पाकळ्या फाकून मधे काळी खीळ दिसत होती आणि चौथ्या भोकात पाकळी दुमडून अडकलेली. हीटसिंक (कूलरचा उष्णता ओढणारा धातूचा भाग) एका कोपऱ्यात उचललेला, तिथली पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये उष्णता वाहून नेणारा लेप, जशीच्या तशी जाड. नवीन पेस्ट लावून पिना तिरप्या जोडीने, आधी एक आणि मग समोरची, अशा दाबल्या. त्रास संपला.

म्हणून बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच कूलर लावावा. जड, उंच टॉवर कूलर असेल तर बोर्डाच्या मागून लागणारी आधाराची पट्टी आणि स्क्रूच हवेत, कारण उभ्या बोर्डावर ते सगळं वजन लोंबकळत राहतं.

अजून एक, जुना कूलर नव्या बोर्डावर लावणाऱ्यांसाठी: इंटेलच्या एलजीए ११५१, १२०० या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) भोकांमधलं अंतर ७५ मिमी होतं, १७०० वर ७८ मिमी आहे. बहुतेक वेळा कूलर बसवायचं वेगळं किट लागतं, ओढूनताणून बसवू नका.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी कूलर काढताना आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करावी, मग हलकेच पिळून सोडवावा. सरळ ओढला तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येऊ शकतो आणि त्याच्या खालच्या पिना वाकू शकतात.