खुलासा : एड.डी. म्हणजे बिनप्रबंधाची पीएचडी नव्हे

‘अमेरिकेची ऑनलाइन पीएचडी, विषय समता आणि समावेशन, प्रबंध नाही, भारतात प्राध्यापकपदाला चालते’ हा मेसेज परवा माझ्याच मावसभावाने मला पाठवला. खाली चिकटवलेला मजकूर माझ्या एड.डी.बद्दलच्या जुन्या पोस्टमधला! मी लिहिलं होतं, ‘नेहमीसारखा प्रबंध नसतो’. फिरता फिरता ‘नेहमीसारखा’ गळून पडलं. वाक्य मोघम होतं, ती चूक माझीच.

मी करतोय ती पीएचडी नाही, एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) आहे, शाळा-कॉलेजं चालवणाऱ्यांसाठीची शिक्षण-नेतृत्वातली डॉक्टरेट. प्रबंध असतोच, फक्त तो प्रत्यक्ष कामातल्या अडचणीवर लिहायचा. माझ्यापुरतं सांगायचं तर एका शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या निलंबनाच्या नोंदी वंश आणि अपंगत्वानुसार वेगळ्या काढायच्या, त्याच मुलांवर वारंवार कारवाई का होते ते शोधायचं, उपाय करून पाहायचा. आधी विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, शेवटी तोंडी परीक्षा. एड.डी. सुधारण्यासाठी अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या कार्नेगी प्रकल्पाने या पदवीची जी तत्त्वं ठरवली, त्यातलं पहिलंच समता आणि सामाजिक न्यायाचं आहे. ‘समता’ तिथून आली, सवलत म्हणून नव्हे.

राहिलं भारताचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएचडीला मनाई आहे. परदेशी विद्यापीठांशी जोडलेल्या एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांच्या ऑनलाइन पीएचडी मान्य नाहीत, हेही यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलंय.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.