मिनी, पाऊस आणि साडेसात नंबरचा हातमोजा

इंग्लंडात तुमची पहिली गाडी कुठली होती असं कुणी विचारलं आणि मी 'मिनी' म्हटलं की समोरच्याचे डोळे एकदम लुकलुकतात, जसं काही मी जुन्या काळातल्या एखाद्या नटीशी माझी ओळख होती म्हणून सांगतोय. "अरे वा, क्लासिक!" असं म्हणणारे लोक त्या गाडीत एकतर कधी बसलेले नसतात, किंवा बसलेले असले तर कोरड्या दिवशी.

मी १९७९ साली यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डला आलो, हाडांच्या विभागात ज्युनियर डॉक्टर म्हणून. रात्री-अपरात्री कॉल यायचे, बस बंद झालेली असायची आणि गाव म्हणजे नुसता चढ-उतार, त्यामुळे गाडी पाहिजेच होती आणि खिशात पैसे नव्हते. नोटीस बोर्डावर चिठ्ठी दिसली, १९६८ची मिनी, सिंगल हँड, २२५ पौंड. विकणारे एक रिटायर्ड मास्तर होते, त्यांनी किल्ली देताना गाडीच्या टपावरून असा हात फिरवला की मला वाटलं मुलगी सासरी पाठवतायत. बॉनेटमध्ये काय आहे ते मी बघितलंच नाही. बघून तरी काय कळणार होतं म्हणा.

गाडी लांबीला दहा फूट. चाकं दहा इंचाची, म्हणजे आपल्या बजाज स्कूटरच्या चाकाएवढी. आमच्या सांगलीच्या घराच्या पडवीत ती सहज मावली असती आणि शेजारी आजीची बाजसुद्धा बसली असती. पण दार उघडून आत बसलात की मात्र चमत्कार, कारण आत चार धडधाकट माणसं पाय मुडपून न घेता बसतात. अलेक इसिगोनिस नावाच्या माणसाने हे डिझाईन केलं, जन्म स्मिर्नाचा म्हणजे आताच्या तुर्कस्तानातला, त्याआधी त्याने मॉरिस मायनर काढली होती. १९५६ला सुएझ कालव्याचं भांडण झालं, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि साहेबाला एकदम काटकसरीची आठवण झाली, मग १९५९च्या ऑगस्टमध्ये ही गाडी बाजारात. इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला, दोघांना एकच तेल. अशी जागा वाचवून वाचवून गाडीच्या लांबीतली ऐंशी टक्के जागा माणसांना आणि सामानाला दिली. कमी जागेत बिऱ्हाड थाटणं आपण चाळीत पिढ्यान् पिढ्या करत आलोय, पण त्याचं कुणी आपल्याला श्रेय दिलं नाही.

दारांना आतून हे एवढे मोठे खण. आमच्या खणांत एका बाजूला थर्मास आणि लोणच्याची बरणी, दुसऱ्या बाजूला नकाशा, बायकोची छत्री आणि माझा स्टेथोस्कोप. दार उघडायला हँडल नाही, एक दोरी ओढायची. काचा वरखाली नाही तर सरकवायच्या, आणि त्या सरकायच्या खाचेत शेवाळ उगवायचं. खरंच सांगतो, हिरवंगार. बायको पहिल्या वर्षी नवीन नवीन आली तेव्हा तिने बोटाने ते काढून बघितलं आणि म्हणाली, "अहो, यात कोथिंबीर लावूया का?"

शेवाळावरून तुमच्या लक्षात आलंच असेल, आता पावसाकडे येतो.

पहिला कॉल आला तो नोव्हेंबरच्या रात्री दोन वाजता. पाऊस म्हणजे आपल्यासारखा धो धो नाही, तिकडचा पाऊस किरकिऱ्या पोरासारखा, जोर नाही पण थांबत पण नाही. मी निघालो, उतार संपला, समोरून एक ट्रक पाण्याचा फवारा उडवत गेला आणि गाडीने दोन उचक्या दिल्या नि गप्प. स्टार्टर मारला, नुसतं घरघर. चालत हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ज्याचं मनगट मोडलं होतं तो पेशंट माझ्याकडे बघून म्हणाला, डॉक्टर तुम्ही बसा आधी.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला म्हातारा मेकॅनिक आला. यॉर्कशरमध्ये पुरुष माणसंसुद्धा एकमेकांना 'लव्ह' म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं, त्यामुळे "इकडे ये लव्ह, दाखवतो" असं सहा फुटी मिशीवाल्या माणसाने म्हटल्यावर मी जरा लांबच उभा राहिलो. त्याने बॉनेट उघडून बोट दाखवलं. इंजिन आडवं टाकल्यामुळे डिस्ट्रिब्युटर आला थेट पुढे, जाळीच्या मागे, म्हणजे समोरून येणारा प्रत्येक शिंतोडा आधी त्याच्या तोंडावर. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चार प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा वाढपी. तो ओला झाला की पंगत उठली. मला राग याचा नाही की गाडी बंद पडते, अकरा वर्षांची गाडी होती, बंद पडणारच. मला कळत नाही ते एवढंच की ज्या देशात दोन माणसं भेटली की हवापाण्याशिवाय तिसरा विषय निघत नाही, तिथे ठिणगीची वस्तू पावसाच्या तोंडाशी ठेवताना एवढ्या हुशार माणसाला काहीच कसं वाटलं नाही.

"आता यावर उपाय काय?" मी विचारलं. म्हाताऱ्याने माझ्या कोटावरची नावाची पट्टी बघितली आणि हसला. "तू डॉक्टर ना लव्ह? मग तुझ्याकडे उपाय फुकट आहे." उपाय होता रबरी हातमोजा.

ही गोष्ट मिनीवाल्या लोकांना सगळ्यांना माहितीय, बाकीच्यांसाठी सांगतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून पाच जाड वायरी निघतात, चार प्लगना आणि एक कॉइलला, म्हणजे जिथून ठिणगीची वीज येते तिला. आणि हाताला बोटं किती? पाच. मोज्याच्या पाचही बोटांची टोकं कापायची, एकेका बोटातून एकेक वायर बाहेर काढायची, अंगठ्यात कॉइलची, आणि मनगटाचा भाग टोपीवरून खाली ओढून घ्यायचा. बाकी लोक भांडी घासायचे मोजे वापरायचे, आमचा मोजा ऑपरेशन थिएटरमधला, मुदत संपलेल्या खोक्यातला, साडेसात नंबर. बॉनेट उघडलं की इंजिनातून एक पांढरा हात पाच वायरी धरून वर आलेला दिसायचा, अगदी बुडणारा माणूस मदत मागतोय तसा. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना मी तो मुद्दाम दाखवायचो.

फक्त एक करायचं, वायरी काढल्या की परत त्याच क्रमाने लावायच्या. ठिणगीचा क्रम १-३-४-२. एकदा घाईत मी दोन वायरींची अदलाबदल केली आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या घरातली आजीबाई पडद्यामागून बाहेर आली ती थेट फाटकापर्यंत. लक्ष्मी बॉम्ब झक मारतो.

तर ८०ची दिवाळी. मँचेस्टरला एका मित्राकडे आठ-दहा मराठी कुटुंबं जमणार होती आणि श्रीखंड आमच्याकडे. तेव्हा चक्का कुठे मिळणार, बायकोने दह्याची पुरचुंडी करून रात्रभर नळाला टांगली होती आणि मी सकाळी दाढी त्या पुरचुंडीच्या बाजूने केली. ती पैठणी नेसून, मांडीवर पातेलं घेऊन बसली, मी झब्बा घातला, वरून ओव्हरकोट, आणि निघालो एम-६२ने. हा मोटरवे पेनाइन्स डोंगर ओलांडतो, इंग्लंडमधला सगळ्यात उंचावरचा मोटरवे, माथ्याला ३७२ मीटर. त्या चढावर एक गंमत आहे, रस्त्याच्या दोन बाजूंच्या मधोमध एक शेतघर आहे, इकडच्या गाड्या घराच्या या अंगाने आणि तिकडच्या त्या अंगाने. बायकोला मी ते घर दाखवणार होतो. गाडीनेच दाखवलं, निवांत. पाऊस, वारा, शेजारून ट्रकांचे फवारे, गाडी मिसिंग करायला लागली, मी म्हटलं "येईल येईल, चढ आहे म्हणून", आणि बरोबर त्या घरासमोर ती थांबली.

चूक माझी होती. मोजा वर्षभरात बदललाच नव्हता, उष्णतेने रबर चिवड्यातल्या पोह्यासारखं कुरकुरीत झालेलं आणि मधलं बोट फाटलेलं. डब्यात नवा मोजा होता. मग मी वाकून काम करतोय, बायकोने पातेलं सीटवर ठेवून छत्री धरली, छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली, मग तिने शेवटी श्रीखंडाच्या पातेल्यावरचं झाकण आणून माझ्या हातांवर धरलं. "अहो, पेशंट वाचेल ना?" मी म्हटलं कात्री दे. तेवढ्यात मागे निळा दिवा. पोलीस उतरला आणि त्याने बघितलं ते असं: मोटरवेच्या कडेला रेशमी साडी नेसलेली बाई पातेल्याचं झाकण धरून उभी, आणि झब्ब्यातला एक माणूस गाडीच्या इंजिनाला सर्जिकल ग्लोव्ह घालतोय. तो अर्धा मिनिट काहीच बोलला नाही. मग त्याने टॉर्च लावून माझ्या हातांवर धरला आणि म्हणाला, "माझ्याकडेही एक होती. अंगठा आधी ओढा." गाडी सुरू झाली. त्याला श्रीखंड दिलं आम्ही, झाकणावरच. मँचेस्टरला सगळ्यांनी श्रीखंडाची तारीफ केली, एकाने फक्त विचारलं की वहिनी, यात वेलदोड्याबरोबर अजून काय घातलंय, जरा पेट्रोलसारखं लागतं.

८१च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, त्यामुळे विमानातून उतरल्यावर त्यांनी सुनेला नाही, मला नाही, आधी गाडीला बघितलं. "ही?" एवढंच म्हणाले. डिकीचं झाकण खालून बिजागरीचं, ते आडवं पाडलं की फळीसारखं राहतं आणि त्यावर बॅग ठेवून दोरीने बांधून खुशाल चालवता येतं, तशी सोयच केलेली आहे. बाबांना ते मात्र पटलं. म्हणाले, "आपल्या जीपवाल्यांसारखं आहे हे."

घरी आल्यावर चहाच्या आधी बॉनेट. "आरं, इंजिन आडवं का घातलंय?"

"जागा वाचते, बाबा."

"आणि गिअरबॉक्स?"

"इंजिनाखाली. दोघांना तेल एकच."

बाबांनी मान हलवली. "एकाच पातेल्यात वरण-भात शिजवलाय व्हय यानं. आणि हा हात कुणाचा?"

मी सगळं सांगितलं. पाऊस, जाळी, वायरी, बोटं. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्या डिझेलला प्लग नाही, वायर नाही, मोजा नाही. ह्यो आडव्या इंजिनाचा धंदा टिकायचा नाही बघ." मी ठासून सांगितलं की बाबा, हिच्याच थोरल्या बहिणीने, कूपरने, मॉन्टे कार्लोची रॅली तीनदा जिंकलीय, ६४, ६५ आणि ६७ला. त्यावर बाबा म्हणाले, "कुठं, बर्फात ना? पावसात नाही जिंकली."

बोलून गेले आणि त्याच डिसेंबरात बर्फ पडलं. तसं बर्फ मी नंतर तिकडे फारसं बघितलं नाही. हॉस्पिटलच्या चढावर आमच्या मोठ्या साहेबांची लांबलचक गाडी, मागच्या चाकांवर चालणारी, जागच्या जागी चाकं फिरवत मागे घसरतेय, दोन वॉर्डबॉय ढकलतायत, आणि मी सेकंड गिअरमध्ये टुकटुक करत त्यांच्या बाजूने वर. इंजिनाचं सगळं वजन पुढच्या चाकांवर आणि ओढणारी चाकंही तीच, शिवाय गाडी सगळी मिळून ६०० किलोच्या आसपास, ती घसरणार कशाला. मी थांबून विचारलं, सर, येताय का? सर एरवी कॉरिडॉरमध्ये माझ्या गुड मॉर्निंगला भुवई उचलण्यापलीकडे उत्तर द्यायचे नाहीत. ते आले, बसले, गुडघे कुठे ठेवायचे बघितलं आणि आश्चर्याने म्हणाले, जागा आहे की! पुढचे पाच दिवस मी त्यांना रोज घरून आणलं. हिच्यात बसलं की प्रत्येक खड्डा कसलीही काटछाट न करता थेट मणक्यात पोचतो, आणि आम्ही दोघे हाडांचे डॉक्टर, त्यामुळे कुठला मणका ते बोलत बोलत जायचो. माझ्या पुढच्या नोकरीसाठी त्यांनी जे पत्र दिलं ते फार चांगलं होतं. त्यातलं किती माझं आणि किती मिनीचं ते मी कधी विचारलं नाही.

शेवट मिठाने झाला. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते पत्रा खातं. मी दोन वर्षं भोकं लांबी, म्हणजे पुटी, भरून बुजवत होतो. ८३च्या एमओटीला, म्हणजे दरवर्षीची पासिंग असते त्याला, तपासणाऱ्याने दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. तो पण काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, पेशंटच्या नातेवाईकाकडे आम्ही बघतो तसा. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या दुप्पट. ४० पौंडाला एका पोराला दिली, त्याला इंजिन हवं होतं. देताना मी टपावरून हात फिरवला, आणि फिरवताना ते मास्तर आठवले.

८५ला सुट्टीवर सांगलीला गेलो तेव्हा मामाने नवी मारुती ८०० घेतली होती. अंगणात अर्धी गल्ली जमलेली, हार घातलेला, आईने चाकाखाली लिंबू ठेवलेलं. मामा म्हणाला, भावजी, तुम्ही बघा जरा. बाबा पुढे आले, बॉनेट उचललं, चष्मा नाकावर खाली घेतला आणि बराच वेळ वाकून बघत राहिले.

"आडवंच आहे की रं," ते मला हळूच म्हणाले. मग अजून जरा वाकून, जाळीमागे हात घालून त्यांनी चाचपून बघितलं.

"पण मोजा कुठाय याचा?"