‘शाळा’ सापडत नाही, ‘प्रयोगशाळा’ सापडते: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार. ‘मुद्रितशोधक’ या नावाने तुम्ही आमच्या शोधा-बदला सॉफ्टवेअरबद्दल जे लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. कृतिदेवमध्ये (इंग्रजी अक्षरं-चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवणारा जुना फॉन्ट) टाइप केलेल्या जुन्या पुस्तकाच्या फायलीत तुम्ही ‘अख्खा शब्द’वर खूण करून ‘शाळा’ शोधलंत. शाळा एकही मिळाली नाही, मिळाल्या त्या प्रयोगशाळा आणि धर्मशाळा. ‘दान’ शोधलं तर ‘छान’ही आलं. ‘प्रकाशक’ घरच्या विंडोजवर सापडतो, कार्यालयातल्या लिनक्सवर सापडत नाही. आमच्याकडे फोन केलात तर ‘सगळं युनिकोडमध्ये करून घ्या’ म्हणून बोळवण झाली (युनिकोड म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी आजची पद्धत). आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘परदेशी फुकटची लायब्ररी चिकटवून मराठीच्या नावावर पैसे घेता.’

तुम्ही दाखवलेले तिन्ही दोष मी इथे बसून करून पाहिले. तिन्ही खरे निघाले. फोनवर जे झालं त्याबद्दल माफ करा. पानं लावून झालेलं पुस्तक युनिकोडमध्ये न्यायचं म्हणजे ओळी हलतात, पानं सरकतात, सूची पुन्हा करावी लागते. हे आमच्या माणसाला माहीत असायला हवं होतं.

आता हे झालं कसं ते. शोधासाठी आम्ही पीसीआरई२ ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरतो. आठ-बिटी मजकुरात, म्हणजे जिथे प्रत्येक चिन्ह 0 ते 255 मधला एकच बाइट असतं तिथे, कुठला बाइट अक्षर, कुठला अंक, कुठली मोकळी जागा हे ती स्वतः ठरवत नाही, तक्त्यात पाहते. तक्ता अवघा 1088 बाइटांचा. पहिले 256 बाइट मोठ्या लिपीचं छोटं करायला, पुढचे 256 छोट्याचं मोठं आणि मोठ्याचं छोटं असं उलटवायला, मग दहा अक्षरवर्गांचे प्रत्येकी 32 बाइट, आणि शेवटी प्रत्येक बाइटची जात सांगणारे 256. सोबत येणारा तक्ता फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो. वेगळा हवा असेल तर आधी लोकेल (मशीनची भाषा-प्रदेशाची मांडणी) लावायचं आणि लायब्ररीतल्या मेकटेबल्स या फंक्शनला हाक मारायची. ते 0 ते 255 पर्यंत एकेक बाइट घेऊन सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीला विचारत जातं: हे अक्षर का, हा अंक का, याचं मोठं रूप कोणतं? उत्तरं आली की तक्ता तयार.

आम्ही तेच केलं. सॉफ्टवेअर सुरू झालं की मशीनचं जे लोकेल असेल ते लावायचं आणि तक्ता बनवायचा. मशीन मराठीवर आहे म्हणजे मराठी तक्ता मिळेल, असं आम्ही धरून चाललो. लिनक्सवर मराठीचं लोकेल यूटीएफ-8 असतं, म्हणजे युनिकोडचं, जिथे एका मराठी अक्षराला अनेक बाइट लागतात. त्यात 127 च्या पुढचा सुटा बाइट हे अक्षरच नसतं, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ उत्तर येतं आणि बनलेला तक्ता मूळ इंग्रजी तक्त्यासारखाच निघतो. तुमच्या घरच्या विंडोजवर कोडपेज 1252 आहे, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर याची पश्चिम युरोपची यादी. कृतिदेवमधला ‘प्र’ ज्या बाइटवर बसतो तिथे फ्रेंचमधला शेपटीवाला सी असतो. विंडोजने त्याला अक्षर म्हटलं, म्हणून घरी ‘प्रकाशक’ सापडला. फ्रेंचांच्या कृपेने. कार्यालयात ती कृपा नव्हती.

‘शाळा’ची गंमत (तुम्हाला गंमत वाटणार नाही, कळतं) याहून साधी आहे. कृतिदेवमध्ये श लिहायला आधी अपॉस्ट्रॉफी आणि मग छोटा के. य म्हणजे सेमीकोलन, ण मध्ये फुलस्टॉप, ख मध्ये उघडता चौकोनी कंस, घ मध्ये प्रश्नचिन्ह. तक्त्याच्या लेखी ही सगळी विरामचिन्हं. ‘अख्खा शब्द’ म्हणजे अक्षर आणि बिगर-अक्षर यांच्यामधली सीमा. ओळीत ‘शाळा’ येते तेव्हा आधी मोकळी जागा आणि मग अपॉस्ट्रॉफी, दोन्ही बिगर-अक्षर, त्यामुळे सीमा नाही आणि शाळाही नाही. ‘प्रयोगशाळा’मध्ये मात्र अपॉस्ट्रॉफीच्या आधी ग चा एक्स आहे, तो अक्षर. तिथे सीमा पडते आणि शोध खूश होतो. म्हणजे जिथे सापडू नये नेमकं तिथेच सापडायचं. हा दोष आमच्या तपासणीत सुटला याचं कारण लाजिरवाणं आहे: आमचा चाचणीचा शब्द ‘पुस्तक’ होता. त्यात एकही विरामचिन्ह येत नाही.

‘दान’ आणि ‘छान’चा घोळ तक्त्याच्या दुसऱ्या टोकाचा. द ला छोटा एन, छ ला मोठा एन. आमच्याकडे ‘लहान-मोठी लिपी एकच धरा’ हा पर्याय आपोआप चालू असतो, इंग्रजीच्या सवयीने. त्याने ‘दान’चं ‘छान’ झालंच, शिवाय बऱ्याच ठिकाणी छोटी लिपी म्हणजे पूर्ण अक्षर आणि मोठी म्हणजे अर्धं असल्यामुळे ‘असत’ आणि ‘अस्त’ही एक झाले. ‘सर्व बदला’चं बटण दाबण्याआधी तुम्ही थांबलात हे आमचं नशीब.

मशीनला विचारायचं आता आम्ही बंद केलंय. कृतिदेवचा तक्ता हाताने भरला, कळ बघत, बाइट बघत, एका निवृत्त डीटीपीवाल्या बाईंना शेजारी बसवून. अपॉस्ट्रॉफी, सेमीकोलन, फुलस्टॉप, कंस, प्रश्नचिन्ह ही सगळी अक्षरांत गेली. खरा स्वल्पविराम कृतिदेवमध्ये बंद चौकोनी कंसाच्या जागी असतो, तो बाहेर राहिला. लहान-मोठ्या लिपीचे दोन्ही तक्ते आता काहीच बदलत नाहीत: छोट्या एन चं उत्तर छोटा एन, मोठ्याचं मोठा. पहिल्या प्रयत्नात आम्ही फक्त अक्षरवर्गांचे 32-32 बाइट बदलले आणि दोन दिवस डोकं खाजवलं. चौकोनी कंसात अक्षरांचा गट देऊन शोधलेला नमुना बरोबर चालायचा आणि शब्दसीमा तिथल्या तिथेच. सीमा ठरते शेवटच्या 256 बाइटांवरून, ते भरायचे राहिले होते. आता हे तक्ते सॉफ्टवेअरच्या पोटातच असतात, त्यामुळे घर आणि कार्यालय यांत फरक पडणार नाही. तुमच्या तक्रारीतले सगळे शब्द चाचणीत घातलेत, ‘पुस्तक’ला सोबत म्हणून.

एक गोष्ट अजून जमत नाही. साध्या टेक्स्ट फायलीत मराठीच्या मध्ये इंग्रजी शब्द आला तर तोच बाइट एकदा द असतो आणि एकदा एन. कुठला फॉन्ट कुठे सुरू झाला हे फाइलच सांगत नसेल तर तक्ता काय करणार? डीटीपीच्या फायलीत फॉन्टची खूण असते, तिथे आम्ही तुकड्यागणिक तक्ता बदलतो.

युनिकोड फायलींची गोष्ट निराळी. तिथे 256 चा तक्ता पुरत नाही, युनिकोडचे गुणधर्म लागतात, आणि मात्रा शब्दात धरायच्या की नाही यावर सगळ्या लायब्रऱ्या एकसारख्या वागत नाहीत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं अंगभूत रेजेक्स (नमुन्यावरून शोधायची सोय) आजही ‘मराठी’ हा शब्द मात्रेशी तोडतं. म्हणून आम्ही मात्रा, हलन्त आणि ‘दुसऱ्या’तल्या अर्ध्या र साठी काही कळफलक घालतात तो अदृश्य जोडक, सगळे शब्दातच धरतो. ते आधीपासून आहे आणि त्याबद्दल तुमची तक्रार नव्हती.

राहिलं ते शेवटचं वाक्य. लायब्ररी फुकटची आहे, खरं. केंब्रिज विद्यापीठातल्या फिलिप हेझल यांनी तिची मूळ आवृत्ती 1997 मध्ये त्यांच्याच एक्झिम या मेल-प्रोग्रॅमसाठी लिहायला घेतली, आणि तिचा परवाना धंद्यात वापरायला मोकळीक देतो. तिचं नाव आमच्या परवान्याच्या पानावर पहिल्या दिवसापासून आहे. पण ‘चिकटवून’ हे मला लागलं, कारण या प्रकरणात ते बरोबर आहे. तक्ता बाहेरून देण्याची सोय लायब्ररीत होती, आम्ही ती वापरली नाही. पैसे तुम्ही त्या तक्त्याचेच दिले होते.

नवी आवृत्ती तुमच्या खात्यात चढवली आहे. या वर्षीच्या परवान्याचे पैसे परत पाठवले आहेत, ते नवी आवृत्ती चालो न चालो तुमचेच. तारा बदला असं म्हणणार नाही. त्या पुस्तकाचं एक प्रकरण मात्र नव्या आवृत्तीत उघडून ‘यश’ शोधून बघाल का? सेमीकोलन, अपॉस्ट्रॉफी आणि एक के, एवढाच तो शब्द आहे. आमच्याकडे सापडतोय.