जखमांसकट उठलेला देह

आमच्याकडे कुणी वारलं की घरच्या प्रार्थनेत एक वाक्य हमखास येतं : "शरीर काय, मातीच ती. आत्मा प्रभूकडे गेला, तेच खरं." सगळे आमेन म्हणतात. मग पाळकसाहेब बायबलातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडतात आणि त्याच्या बरोबर उलटं, म्हणजे मेलेले देहासकट उठतील असं, वाचून दाखवतात. त्यावरही सगळे आमेन म्हणतात.

जुनं वस्त्र टाकून आत्मा नवं घालतो, हा गीतेतला विचार. मराठी मनात तो इतका मुरलाय की पाच-पाच पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही तोच तोंडी येतो. विचार मोठा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पुनरुत्थान म्हणजे तो नव्हे. आत्मा मरत नाही हे तर कितीतरी ग्रीकांनाही मान्य होतं. पौलाने अथेन्समध्ये मेलेल्यांच्या उठण्याचा विषय काढला, तेव्हा मात्र काही जण थट्टा करू लागले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७). आत्मा टिकतो एवढंच तो म्हणाला असता तर कुणाला हसू आलं नसतं.

देहाचा हा हट्ट आला कुठून? जुन्या करारात मेलेल्यांच्या उठण्याबद्दल फार थोडं आहे. स्पष्ट शब्दांत ते येतं दानीएलाच्या बाराव्या अध्यायात, आणि बहुतेक अभ्यासक त्या मजकुराचा संबंध इ.स.पू. १६७ च्या सुमारास अंतियोख एपिफानेस राजाने केलेल्या यहुद्यांच्या छळाशी लावतात. त्याच छळाची एक गोष्ट मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. (आम्हा प्रॉटेस्टंटांच्या बायबलात हे पुस्तक नाही, त्यामुळे आमच्या वाचनातच येत नाही. कॅथलिक शेजाऱ्याकडून मागून घ्या.) सात भाऊ आणि त्यांची आई. डुकराचं मांस खा, नाहीतर मरा, असा राजाचा हुकूम. एकेकाला हालहाल करून मारतात. तिसऱ्याची पाळी येते. तो स्वतःच जीभ बाहेर काढतो, दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, हे मला स्वर्गातून मिळाले, त्याच्याकडूनच मला ते परत मिळतील.

इथे मरणानंतर काय होतं याची उत्सुकता फारशी नाही. प्रश्न न्यायाचा आहे. राजाने हात तोडले, तर देवाने हातच परत द्यायला हवेत. "तुझा आत्मा सुखरूप आहे" असं त्या पोराला सांगणं म्हणजे राजाचं काम पुरं होऊ देणं. सदूकींना पुनरुत्थान मान्य नव्हतं यातही मला नवल वाटत नाही. यरुशलेमच्या मंदिराचा कारभार करणाऱ्या बड्या याजक घराण्यांचा तो यहुदी पंथ. आहे त्या व्यवस्थेत त्यांचं बरं चाललं होतं.

येशूच्या गोष्टीकडे या वाटेने गेलं की वधस्तंभही वेगळा दिसतो. टांगलेला माणूस देवाने शापिलेला, असं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात लिहिलंय, आणि पौलही गलतीकरांना तेच वचन ऐकवतो. म्हणजे रोमी सरकारने नुसता जीव घेतला नव्हता, नावही पुसलं होतं. आता प्रेषितांच्या कृत्यांमधली, येशूचा शिष्य पेत्र याची भाषणं वाचा. पालुपद एकच : तुम्ही त्याला मारलं, देवाने त्याला उठवलं. खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला.

येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर उठला तेव्हा प्रेतवस्त्रांत गुंडाळलेलाच बाहेर आला. तो परत जुन्याच आयुष्यात आला, पुढे मरणारही होता. येशूची वस्त्रं कबरेतच पडलेली सापडतात. तो जुन्या आयुष्यात परतलेला नाही. मग्दालीया मरीयेला तो माळी वाटतो, अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य मैलोगणती बरोबर चालूनही ओळखत नाहीत. लूक सांगतो की त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. पौल मात्र म्हणतो, मांस व रक्त यांना देवाच्या राज्याचं वतन मिळत नाही. हे नीट जुळत नाही आणि मी जुळवायलाही जात नाही. एवढा बदललेला देह, तरी खिळ्यांचे वण तसेच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो चेहरा दाखवत नाही, हात आणि कूस दाखवतो. जखमा गेल्या असत्या तर उठलाय तो कोण, हेच कळलं नसतं.

म्हणून ईस्टरला धोंड कुणी लोटली, पहारेकरी कुठे होते, यावर वकिली करणारी व्हिडिओ भाषणं मला कंटाळवाणी वाटतात. आणि "पुनरुत्थान म्हणजे मनातली नवी पालवी" म्हणणारे त्याहून जास्त. पालवी दरवर्षी फुटते, तिच्यासाठी कुणाला खिळे ठोकावे लागत नाहीत.

१८३१ साली नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं. पुढे त्या भागात जे ख्रिस्ती झाले, त्यांत महार-मांग समाजातले लोक सर्वांत जास्त. त्यांचा आत्मा कुणी विटाळाचा मानला नव्हता. आत्म्याच्या बाबतीत सगळे समान, हे कीर्तनात ऐकायला मिळतच होतं. विटाळ होता तो देहाचा, सावलीचा, पाणवठ्यावर टेकलेल्या हाताचा. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मयतीला उभं राहून "शरीर काय, मातीच ती" म्हणावं? मला ते पटत नाही. देवाला हा देह हवा आहे, असं सांगणारा अध्याय हातात असताना तर मुळीच नाही.

तो अध्याय मयतीची वाट न बघता एकदा घरी सलग वाचा. ५८ ओव्या आहेत. २९ व्या ओवीत मेलेल्यांच्या वतीने बाप्तिस्मा घेणारे कोण लोक येतात, तिथे अडखळाल. पंडितांची त्यावर अजून भांडणं चालू आहेत, तेव्हा ती खुशाल ओलांडा आणि पुढे जा. ३५ व्या ओवीत तुमच्या मनातलाच प्रश्न कुणीतरी पौलाला विचारतो, आणि पौल त्याला सरळ "अरे निर्बुद्धा" म्हणतो.