पस्तिशीचा पाढा

दुधाच्या धंद्यात पडायचं पक्कं केलंच असेल, तर आधी गाय घेऊ नका. आधी बेरीज शिका. गाय कुठं जात नाही, गेलीच तर कानातल्या बिल्ल्यावरून सापडते. बेरजेचं तसं नाही.

पहिला धडा जुलै २०२४ चा. गाईच्या दुधाला डेअरीनं लिटरमागे ३० रुपये द्यायचे आणि राज्य सरकारनं वर ५ अनुदान म्हणून घालायचे. झाले ३५. त्याच महिन्यात अकोले तालुक्यात कोतूळला शेतकरी ४० रुपयांसाठी धरणं धरून बसले होते; त्यांना बेरीज येत नव्हती असं समजा. दुसरा धडा ऑक्टोबरचा. अनुदान ५ वरून थेट ७! विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे आनंद गगनात मावेना. फक्त डेअरीनं द्यायचा दर त्याच दमात ३० वरून २८ झाला. अठ्ठावीस आणि सात किती? बरोबर. पस्तीस.

आता तुम्ही विचाराल, मग ते वाढीव दोन रुपये गेले कुणाच्या खिशात? विचारू नका. असे प्रश्न विचारणाऱ्याच्या दुधाला दुसऱ्या दिवशी फॅट, म्हणजे स्निग्धता, लागत नाही.

जुन्या इयत्तेचा अभ्यासही करून ठेवा. जुलै २०२३ मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये दर ठरवून दिला. दिला म्हणजे कागदावर दिला. हिवाळ्यापर्यंत तो घसरत घसरत २७ च्या आसपास आला. जानेवारी २०२४ मध्ये अनुदान जाहीर झालं तेव्हा अट काय होती? डेअरीनं किमान २७ द्यावेत, वर सरकार ५ देईल. ३४ चा हुकूम मोडणाऱ्यांना शिक्षा काय झाली म्हणाल, तर हुकूमच २७ चा झाला. अनुदानाची मुदत एक महिन्याची, पुढं आणखी एका महिन्याची. गाईला वासरू द्यायला नऊ महिने लागतात, पण ती काही मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत नाही.

अनुदानाच्या कागदपत्रांना घाबरायचं नाही. गाईच्या कानातला बिल्ला बारा आकडी, तुमचं आधारही बारा आकडी. इथवर सरकारनं माणूस आणि जनावर यांत दुजाभाव केलेला नाही. बिल्ला ऑनलाइन चढलेला हवा, आधार बँकेला जोडलेलं हवं, नावातली वेलांटी दोन्हीकडं सारखी हवी आणि डेअरीच्या पोरानं तुमची माहिती वेळेत भरलेली हवी. यातलं एक जरी हुकलं तरी गाय दूध देत राहते, पण सरकारच्या लेखी ती नसतेच. पावसाळ्यात गाय पत्र्याला कान घासते आणि बिल्ला पडतो. तेव्हा तिच्यापाशी रात्री कुणीतरी झोपलेलं बरं. आजोबा मोकळेच असतात.

मग येते ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफची, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांची, गोष्ट. हे गाईला नीट समजावून सांगा. पॉइंट कमी लागला की दर कापतात, जास्त लागला की वाढवतात, असं तुम्हाला वाटेल. तसंच असतं, फक्त कापायची कात्री आणि वाढायचा चमचा एकाच मापाचे नसतात. सरकी पेंड महागली म्हणून आंबवण, म्हणजे पेंडीचा खुराक, कमी केलं तर एसएनएफ उतरतं. आंबवण पोटभर घातलं तर एसएनएफ चढतं, पण दहा दिवसांच्या बिलातून पेंडीची उधारी वजा झाल्यावर हातात उरते ती पावती. पावती जपून ठेवा, मागं कोरी असते. मुलांना गणितं करायला होते.

दर पडला की कारण एकच मिळेल: जगात दूध पावडरीचे भाव पडले. त्यामुळं सकाळची धार काढता काढता न्यूझीलंडकडं लक्ष असू द्या. तिकडं पावडर उतरली की संध्याकाळपर्यंत तुमचा दर उतरतो. चढली की मात्र ती बातमी बहुतेक बोटीनं येते.

आणि म्हैस घ्यायचा विचार असेल तर सोडा. हे अनुदान गाईच्याच दुधाला होतं. म्हशीनं कुणाचं घोडं मारलं होतं, ते म्हशीच्या दुधावर वाढलेल्या कोल्हापूरकरांनी शोधावं.

गाय कोणती घ्यावी, हाही मोठा प्रश्न. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाय ‘राज्यमाता’ झाली आणि गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला ५० रुपये ठरले. त्यासाठी तिनं किती लिटर द्यावं, फॅट किती लागावी, अशी काही अट नाही. दुसऱ्याच दिवसापासून तुमचा २८ अधिक ७ चा पाढा सुरू झाला. डेअरीचे कॅन भरते ती बहुतेक काळी-पांढरी एचएफ, म्हणजे परदेशी होल्स्टीन जातीची. ती माता नाही, फार तर राज्यमावशी. मावशीनं राबायचं असतं. भाकड झाली की तिचं काय करायचं, हे शासन निर्णयात शोधू नका, तुमच्या उशाला बांधून ठेवा.

आता भविष्य. ते मला स्वच्छ दिसतं आहे. याच चालीनं पुढं डेअरी २६ देईल, सरकार ९. मग २४ आणि ११. दर वेळी ‘अनुदानात भरघोस वाढ’ असा फलक चौकात लागेल, फोटो बदलत राहतील. एक दिवस डेअरी शून्य देईल आणि सरकार ३५. त्यानंतरच्या निवडणुकीला डेअरीनं तुमचं दूध घेतलं म्हणून तुम्हीच तिला दोन रुपये द्याल आणि सरकार ३७ देईल. बेरीज करून बघा, चुकत नाही.

पैसे कधी जमा होतील? तुम्ही संध्याकाळची धार काढून घ्या. आणि गोठ्यातून निघताना कानाला हात लावून बिल्ला आहे ना, ते बघा. गाईच्या.